डब्याचा तळ

पत्रात भिण्यासारखं काहीच नव्हतं. वर कुटुंब साहाय्य कार्यालयाचा शिक्का, खाली कोंबडीने उकरल्यासारखी कुणाची तरी सही आणि मधे तीन ओळी. येत्या मंगळवारी सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान आमच्या पाहणी अधिकारी आपल्या घरी येतील, कुटुंबातील सर्वांनी हजर राहावे. दुसऱ्या कुणाला हे पत्र आलं असतं तर त्याने गल्लीभर दवंडी पिटली असती. काजवाली मात्र एका शब्दावर अडली. 'सर्वांनी' या शब्दावरून तिची नजर पुढे सरकेना. सर्वांनी म्हणजे मुलींनीसुद्धा.

तिला काजवाली म्हणत, कारण शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायची. बटण काय, कुणीही लावतं. बटण ज्यातून जायचं ते भोक नीट करणं हे खरं काम. सोळा वर्षं ती एकाच मशीनवर बसत होती आणि तिच्या हातचं काज कधी उसवलं नाही, असं तिथला मुकादम एकदा चुकून बोलून गेला होता. तो माणूस कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष, त्यामुळे ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं. ती स्वतः कमी बोलायची. बोलायचं काम नवऱ्याकडे. तो रंगारी, लोकांची घरं रंगवायचा आणि दिवसभर शिडीवरून खालच्या माणसांशी गप्पा मारायचा. 'मी लोकांच्या घराला रंग आणतो, माझ्या घराला तू आण,' असं म्हणायचा आणि ती हसली की त्याला दिवसाची मजुरी मिळाल्याचा आनंद व्हायचा.

पाच महिन्यांपूर्वी ती शिडी सरकली. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून तो पाठीवर पडला आणि कमरेखालचं सगळं अंग त्याचं असून त्याचं राहिलं नाही. महिन्याभराने दवाखान्याने घरी पाठवलं. निघताना नर्सने काजवालीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दर दोन तासांनी कूस बदलायची. विसरायचं नाही. पाठीला जखमा झाल्या की त्या हाडापर्यंत जातात, मग आमच्या हातातही काही राहत नाही. खालीवर होणारा पलंग आणि हवेची गादी मिळाली तर बघा." कुठे बघायची, ते मात्र नर्सने सांगितलं नव्हतं. त्या गादीची किंमत काजवालीने दुकानात विचारली आणि दुकानदाराचे आभार मानून ती चालत घरी आली.

आता घरात कुणीतरी कमवायला हवं आणि कुणीतरी कूस बदलायला हवी. कमवायला काजवाली जायची. कूस बदलायला राहिली थोरली मुलगी, वय वर्षं नऊ. तिला सगळे आजीबाई म्हणत, कारण ती तीन वर्षांची असल्यापासून कमरेवर हात ठेवून लोकांना उपदेश करायची. घरात घड्याळ नव्हतं. पण शाळा जवळ होती, आणि तिथे दर तासाला म्हणजे चाळीस मिनिटांनी घंटा व्हायची. तीन घंटा झाल्या की दोन तास झाले, असं आजीबाईने स्वतःच बसवलं होतं. म्हणजे ज्या शाळेत ती जात नव्हती, त्याच शाळेच्या घंटेवर ती बापाची कूस बदलत होती. अंगाखालची चादर दोन्ही हातांत गुंडाळायची, पाय भिंतीला टेकवायचा आणि ओढायचं. धाकटी चार वर्षांची. साखरेचा डबा जिथे असेल तिथे ही सापडायची, म्हणून तिचं नाव मुंगी.

आजीबाई शाळेत दिसेना म्हणून मास्तर घरी आले. दारातच उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मदतीचा अर्ज घेऊन आले. स्वतःच भरला. काजवाली कारखान्यात होती. सही रंगाऱ्याने केली. संध्याकाळी तिला कळलं तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा तिने आवाज चढवला.

"मला न विचारता सही केलीस?"

"अगं, मदत मिळेल. पलंग मिळेल, धान्य मिळेल, पोरगी शाळेत जाईल."

"मदत येते तेव्हा काय काय जातं, ते तुला माहीत नाही."

त्याला माहीत होतं, तिनेच सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि भोगणं वेगळं.

काजवाली सात वर्षांची असताना तिच्या आईनेही असाच अर्ज केला होता. वडील नव्हते, आई खानावळीत भांडी घासायची. पाहणीला एक साहेब आला. चांगला होता, तिला गोळी दिली, भावाच्या गालाला हात लावला. मग त्याने फळीवरचा पिठाचा डबा खाली घेतला, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि डबा तिरपा करून तळावर बोटाने टकटक वाजवलं. तो आवाज तिला अजून जसाच्या तसा ऐकू यायचा. साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आईने विचारलं नाही. साहेबाला कोण विचारणार? जाताना तो म्हणाला, "काळजी करू नका, गाडी येईल. पीठ घेऊन येईल."

गाडी आली. पांढरी. तो खोटं बोलला नव्हता, पिठाचं पोतं खरंच खाली उतरलं. आणि ती आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ वर चढले. आत एका बाजूला लांबलचक बाक होता, हिरव्या रेक्झिनचा, मधे फाटलेला. भाऊ त्या भोकातून काथ्या उपसत बसला होता. 'थोडेच दिवस,' असं आईला सांगितलं होतं. ते थोडे दिवस अकरा वर्षांचे झाले. भावाला मुलांच्या संस्थेत, दुसऱ्या गावी पाठवलं. मोठी झाल्यावर ती शोधत गेली तेव्हा तिथला कारकून म्हणाला, असा मुलगा होता खरा, पुढे कुठे गेला नोंद नाही. त्याला स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता, हेच त्याचं चुकलं. आई आधी दर रविवारी यायची, मग महिन्यातून एकदा, मग आजारी पडली.

तो साहेब दुष्ट नसेलही. पोरांना पोटभर मिळेल असं त्याला मनापासून वाटलं असेल, आणि मिळालंही. पण पोटभर मिळून बाकी सगळं गेलं, हे लिहायला त्याच्या कागदावर रकाना नव्हता. म्हणून स्वतःचा संसार मांडल्यापासून काजवालीने डब्याचा तळ कधी दिसू दिला नाही. स्वतः उपाशी राहायची, पण डब्यात चार मुठी असायच्याच. गेल्या पाच महिन्यांत मात्र तळ दिसला होता, एकदा नाही, पुष्कळदा. आणि आता मंगळवार ठरला होता.

या गल्लीत पाहणी काही नवी नव्हती. निम्म्या गल्लीने कधी ना कधी अर्ज केलेला, आणि त्यातून एक रीत पडून गेली होती. कार्यालयाचा नियम असा की घरात मिक्सर दिसला की माणूस गरीब नाही. मग तो मिक्सर बहिणीने जुना झाला म्हणून दिलेला का असेना. तेव्हा पाहणीच्या आदल्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरातलं सामान बाहेर निघायचं आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात, लांब टेबलाखाली, पडद्याआड जाऊन बसायचं. त्या पडद्याआड मावशींनी काय काय ठेवून घेतलं नव्हतं? टीव्ही, शिलाई मशीन, एकदा तर कुणाची पेन्शनवाली सासू. सासू तिथे दोन तास बसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, घरापेक्षा बरं होतं.

सोमवारी संध्याकाळी मावशी रिकामी टोपली घेऊन काजवालीच्या दारात आल्या. "आण बाई, काय काय लपवायचं ते आण."

"लपवायचं काही नाही मावशी," काजवाली म्हणाली. "मला द्याल का काही? दोन खुर्च्या. एखादी चांगली गोधडी. चहाचे कप, सगळे एकसारखे असलेले."

मावशी बघतच राहिल्या. "अगं, उलटं काय करतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण सव्वा लाखवाल्याला मदत कोण देतं?"

"मला मदत नको. माझ्या मुली नेऊ नयेत, एवढंच हवं."

"मुली कोण नेतंय?"

काजवालीने सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. गाडी, पोतं, बाक, भाऊ. मावशींनी टोपली खाली ठेवली. आता तसं होत नाही, दिवस बदललेत, असं काहीतरी त्या म्हणाल्या, पण त्यांचाच आवाज त्यांना पटला नसावा. मग घरी गेल्या आणि निळी गोधडी, दोन खुर्च्या आणि सहा कप घेऊन आल्या. समोरच्या घड्याळजीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाइकाचं होतं. "बुधवारी माणूस न्यायला येणार आहे," तो म्हणाला, "तोवर तुमच्या घरी टिकटिक करू दे."

राहिले डबे. पीठ, तांदूळ, साखर, तिन्हींत मिळून एका दिवसाचं नव्हतं. तांदूळ, पीठ आणि साखर डबे भरभरून उसनी मागायला तिची जीभ उचलेना. आदल्याच दिवशी कारखान्यातून ती कापडाच्या कातरणांची पिशवी घेऊन आली होती. तिने मोठ्या डब्यात ती कातरणं दाबून दाबून भरली, वर कागद पसरला आणि कागदावर होतं तेवढं पीठ हलक्या हाताने पसरलं. डबा काठोकाठ दिसायला लागला. तांदळाचंही तसंच. आजीबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आई, हे खोटं आहे."

"हो," काजवाली म्हणाली. "उद्या तू गप्प बसायचं."

साखरेचा डबा तिने तसा केला नाही. उरलेली साखर तिने मुंगीसाठी वाटीत काढली. बाई बोलायला लागल्या की मुंगीच्या तोंडात चमचा जायचा, असं ठरलं. तोंड भरलेलं असलं की पोर काही बोलत नाही.

मंगळवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ते परकं घड्याळ इतक्या जोरात टिकटिक करत होतं की काजवालीला वाटलं, तिच्या छातीचा आवाज त्यात झाकून जाईल तर बरं. मुलींच्या वेण्या तिने तीनदा सोडून तीनदा घातल्या. रंगारी डाव्या कुशीवर, तोंड खोलीकडे. एरवी काहीतरी विनोद केला असता. आज नुसता घड्याळाकडे बघत होता.

पावणेबाराला पाहणीच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, चपलांचे पट्टे पायात रुतलेले. सुजलेले पाय घेऊन सकाळपासून त्या दहा जिने चढल्या-उतरल्या असाव्यात. आधी पाणी मागितलं, सगळं प्यायल्या, मग मावशींच्या खुर्चीवर बसून पिशवीतून कागद काढला. आणि कानामागून काढली पेन्सिल. पेन खिशाला होतं, पण त्या पेन्सिलीने लिहीत होत्या. काजवालीची नजर पेन्सिलीवरून हलेना.

"माणसं किती?"

"चार."

"कमावतं कोण?"

"मी."

"खुर्च्या तुमच्याच?"

"हो." मुंगीने तोंड उघडलं, तेवढ्यात चमचा आत गेला.

बाईंनी मान वर करून घड्याळ पाहिलं, गोधडी पाहिली, एकसारखे सहा कप पाहिले. उठल्या आणि फळीपाशी गेल्या. काजवालीने मुंगीच्या तोंडात आणखी एक चमचा घातला. बाईंनी पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं. डबा खाली घेतला नाही, तळ वाजवला नाही. झाकण लावलं आणि परत येऊन बसल्या. काजवालीने मनाशी म्हटलं, झालं, वाचलो.

"मुलगी शाळेत जाते?"

"जाते. आज सुट्टी आहे."

त्याच क्षणी शाळेची घंटा झाली. सगळ्यांनी ऐकली. बाईंनीही ऐकली. आणि आजीबाई उठली. तिला गप्प बसायला सांगितलं होतं, उठायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. तिसरी घंटा होती. ती बापाच्या खाटेपाशी गेली, चादर हातात गुंडाळली, पाय भिंतीला टेकवला आणि "बाबा, एक, दोन," म्हणत ओढायला लागली. काजवाली धावली, पण तोवर बाप उजव्या कुशीवर वळला होता. आता त्याची पाठ खोलीकडे झाली. सदऱ्यावर, माकडहाडाच्या जरा वर, कपबशीएवढा ओला डाग होता. पिवळट, कडेला लाल. सकाळी तो डाग नव्हता. निदान एवढा नव्हता.

काजवालीला एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या. नऊ वर्षांची पोर भर शाळेच्या वेळात बापाला वळवते आहे, एवढं कारण मुलींना न्यायला पुरेसं होतं. आणि तो डाग. नर्स म्हणाली होती, हाडापर्यंत.

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "हे बघा," त्या हळू म्हणाल्या, "मला जे दिसतं आणि जे सांगितलं जातं, तेच मला लिहिता येतं. खुर्च्या दिसतात. घड्याळ दिसतं. डबे भरलेले दिसतात. यावर मला लिहावं लागेल की तातडीची गरज नाही. असे अर्ज मग खाली जातात. वर यायला वर्षसुद्धा लागतं." त्यांनी पेन्सिलीने ओळ लिहिली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे निघाल्या. "एक सांगते. मी घरात पेन्सिलीने लिहिते. उंबरा ओलांडला की पेनाने गिरवते. त्यानंतर मलाही खोडता येत नाही."

खोलीतून दारापर्यंत सहा पावलं. काजवालीने आयुष्यात पुष्कळ भीती पाहिली होती, पण ती नेहमी एका बाजूने यायची. पाठ फिरवायला दुसरी बाजू मोकळी असायची. आज दोन्हीकडून आली. तोंड उघडलं तर मुली जातील. गप्प बसलं तर हा जाईल. बाईंचं चौथं पाऊल पडलं. रंगारी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तुला वाटेल ते कर गं. माझं काही म्हणणं नाही."

काजवालीने फळीवरचा मोठा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीवर उपडा केला.

पीठ आधी पडलं, मूठभर. मग कागद. मग कातरणं. निळी, पट्ट्यांची, चौकड्यांची, पांढरी, शंभर शर्टांची कातरणं पसरत बाईंच्या सुजलेल्या पायांपर्यंत गेली. तिने डबा सुलटा केला, बाईंपुढे धरला आणि स्वतःच तळावर टकटक वाजवलं.

"रिकामा आहे," ती म्हणाली. "तांदळाचाही रिकामा आहे. खुर्च्या मावशींच्या, घड्याळ गिऱ्हाइकाचं. पोरगी चार महिने शाळेत गेली नाही. लिहा. सगळं लिहा. पण माझ्या मुली नेऊ नका हो. मी तुमच्या पाया पडते, मुली नेऊ नका." आणि ती खरंच वाकली. बाईंनी तिला दंडाला धरून वर ओढलं.

"खुर्चीवर बसा," त्या जरबेने म्हणाल्या. "मीही बसते. पाय मोडलेत माझे."

मग त्यांनी आधीची ओळ खोडली. खोडरबर झिजलेलं, कागद काळा झाला. पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि पुन्हा लिहिलं. पलंग, हवेची गादी, धान्य, जखमेसाठी घरी येणारी नर्स, दिवसा रुग्णाजवळ बसायला माणूस. काजवाली उत्तरं देत होती, पण तिचं लक्ष एकाच ठिकाणी होतं. शेवटी तिने ते विचारलं, जे तिच्या आईने विचारलं नव्हतं.

"मुलींचं काय लिहिलंत?"

बाईंनी कागद फिरवून तिच्यासमोर धरला. मुली दोन, असं लिहिलं होतं. पुढे: घरी, आईवडिलांजवळ. बाईंनी खिशातून पेन काढलं आणि उंबऱ्याची वाट न बघता तेवढी एक ओळ तिथेच गिरवली.

"आठवड्याभरात गाडी येईल," उठताना त्या म्हणाल्या. "पलंग घेऊन येईल."

बिचाऱ्या धीर द्यायलाच म्हणाल्या. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तर तोंड नव्हे, अख्खं बालपण पोळलं होतं. शाईने लिहिलेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी 'गाडी येईल' म्हटल्यावर तिने दोन्ही मुलींना जवळ ओढलं. साहेबही असंच म्हणाला होता आणि तोही खोटं बोलला नव्हता.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्यात दोन्ही मुलींचे फ्रॉक घेऊन बसायची आणि आतल्या बाजूने, घेराच्या दुमडीत, काजाच्या पक्क्या दोऱ्याने घराचा नंबर, गल्ली आणि स्वतःचं नाव शिवायची. चार फ्रॉक झाले. मुकादमाने विचारलं, हे काय? ती म्हणाली, काही नाही, फ्रॉक हरवू नयेत म्हणून. मुलींना तिने पढवून ठेवलं, पांढरी गाडी दिसली की मागच्या दाराने मावशींकडे धूम ठोकायची, टेबलाखाली पडद्याआड बसायचं, मी हाक मारेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. मुंगीला हा खेळ फार आवडला. आजीबाईला आवडला नाही, पण तिने उपदेशही केला नाही.

गाडी सोमवारी आली, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. दुपारी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि काजवालीने खिडकीतून पाहिलं. पांढरी. मागे वळून बघते तो मुली पसार झाल्या होत्या. तिने दाराला कडी घातली, वर अडसर लावला आणि पाठ टेकून उभी राहिली.

दार वाजलं. "ओ ताई! कार्यालयातून आलोय. पलंग आणलाय."

"घरात कुणी नाही," काजवाली म्हणाली.

"मग हे कोण बोलतंय?"

रंगाऱ्याला इतक्या दिवसांनी हसू फुटलं, आणि हसता हसता पाठीत कळ आली. "उघड गं दार," तो कण्हत म्हणाला. "उघड. मुली घरी, असं लिहिलंय ना त्यांनी. तूच पाहिलंस."

"नुसता पलंगच आणलाय?" तिने दाराला तोंड लावून विचारलं.

"नाही हो, गादी आहे. आणि पिठाची दोन पोती."

पिठाची पोती! दोन पोती, दोन मुली. तिने पुन्हा दाराला पाठ लावली. बाहेर ड्रायव्हर हमालाला म्हणत होता, पत्ता चुकला की काय, नाहीतर परत नेऊ. परत नेऊ, हे ऐकलं आणि तिला त्या सदऱ्यावरचा डाग आठवला. तिने अडसर काढला, कडी काढली, बाहेर आली आणि मागे दार ओढून घेतलं.

"गाडीचं मागचं दार उघडा," ती म्हणाली.

"उघडणारच की. आधी इथे सही..."

"आधी उघडा."

ड्रायव्हरने हमालाकडे पाहिलं, हमालाने आभाळाकडे. दार उघडलं. घडी केलेला लोखंडी पलंग, गुंडाळलेली गादी, दोन पोती. काजवाली पायरीवर पाय ठेवून आत चढली. पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूच्या पत्र्यावरून तिने हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उजव्या बाजूने. वाकून खालीही पाहिलं. पत्रा गार होता आणि सपाट होता.

"काय हरवलंय का ताई?" ड्रायव्हर विचारत होता.

"बाक कुठे आहे?"

"कसला बाक?"

"बसायचा. मुलांना."

"मालाची गाडी आहे ही," तो म्हणाला. "हिच्यात कोण बसणार? पुढे दोन सीटा, मी आणि हा. तिसऱ्याला जागा नाही."

काजवाली गाडीतून खाली उतरली. हात पोत्यांतून सांडलेल्या पिठाने पांढरे झाले होते, ते तिने पदराला पुसले नाहीत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानाकडे तोंड करून ती ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"या गं दोघी! नुसता पलंगच आहे!"